आर७१० मध्ये ८ टीबीची डिस्क २ टीबीचीच का दिसते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगता येईल. छापखान्यात डेलचा पॉवरएज आर७१० हा सर्व्हर आहे, ३.५ इंची सहा खान्यांचा, आत पर्क ६/आय हा कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड. चार खान्यांत १ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत, सुरळीत चालू आहेत. जागा संपत आली म्हणून तुम्ही ८ टीबीच्या दोन साटा (पीसीतल्या नेहमीच्या जोडणीच्या) डिस्क जमवल्या. एक नवी कोरी, दुसरी घरच्या यूएसबी खोक्यातून काढलेली. नवी डिस्क पाचव्या खान्यात सरकवली तर कंट्रोलरला ती २ टीबीचीच दिसते. खोक्यातली डिस्क तुम्ही आधी ऑफिसच्या पीसीला थेट लावून पाहिली, ती फिरतच नाही. परत खोक्यात घातली की फिरते. आणि तुमचा अंदाज असा, की सर्व्हर ३ गिगाबिटचा आणि डिस्क ६ गिगाबिटची म्हणून हे होतंय, फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट केला की सुटेल.

अंदाज चुकला आहे, पण त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. लेबलवर ठळक छापलेला आकडा तोच असतो, त्यामुळे दहातले नऊ जण तिथेच अडकतात. तुमच्याकडे खरं तर दोन वेगवेगळे आजार आहेत, एकमेकांशी संबंध नसलेले. एक पत्त्याचा, एक विजेचा. वेगाचा एकही नाही.

वेगाचं आधी उरकून टाकतो. साटा काय किंवा सर्व्हरमधली सॅस जोडणी काय, डिस्क सुरू होताना दोन्ही टोकं आपसात बोलून दोघांना जमेल असा सर्वांत वरचा वेग ठरवतात. ६ गिगाबिटची डिस्क ३ गिगाबिटच्या कंट्रोलरवर गुपचूप ३ वर चालते. ३ गिगाबिट म्हणजे सेकंदाला साधारण ३०० एमबी, कारण तारेवर दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात. आजची चांगली ७२०० फेऱ्यांची डिस्क तबकडीच्या बाहेरच्या कडेलाही २५० ते २८० एमबीच्या आसपास दमते, आतल्या कडेला तर त्याच्या निम्म्यावर येते. म्हणजे फिरत्या डिस्कसाठी तुमचा जुना रस्ता अजूनही पुरेसा रुंद आहे. एसएसडी लावली असती तर मात्र ती निम्म्या वेगाने चालली असती, तरी चालली असतीच. वेगाची बोलणी फिसकटल्याचं मी पाहिलंय ते फक्त साटाच्या अगदी पहिल्या पिढीत. व्हीआयएचा व्हीटी८२३७ सारख्या चिपना ३ गिगाबिटची डिस्क समोर आली की काही सुचत नसे, मग डिस्कच्या मागे जंपर लावून तिला १.५ वर बांधून ठेवावं लागे. तो काळ गेला. तुमचा आर७१० त्यानंतरचा आहे.

आता पत्ता. डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर हा एक घर क्रमांक समजा. पर्क ६/आय वर एलएसआय या कंपनीची सॅस१०७८ चिप आहे, आणि तिच्या हिशेबात प्रत्येक डिस्कच्या घर क्रमांकासाठी ३२ बिटांचीच जागा आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक मावतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून एकूण २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट. डिस्क बनवणारे याला २.२ टीबी म्हणतील, विंडोज २ टीबी म्हणेल, आकडा तोच. तुमच्या ८ टीबीच्या डिस्कवर सेक्टर आहेत १५,६२,८०,५३,१६८. फॉर्मवर घर क्रमांकाला चारच चौकटी छापल्या असतील तर ९९९९ नंतरच्या घरांना टपाल कसं पोचणार? तेच झालंय. डिस्क चांगली आहे, कंट्रोलरही बिघडलेला नाही. त्याला पुढची घरं लिहिताच येत नाहीत, म्हणून तो २ टीबीवर रेघ मारून थांबलाय. पर्क ६/आय साठी ही रेघ पुढे सरकवणारा फर्मवेअर आलेला नाही, तेव्हा त्या शोधात रविवार घालवू नका.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, की हा कंट्रोलर प्रामाणिकपणे थांबतो. काही जुनी कार्डं, जुने ड्रायव्हर आणि जुनी यूएसबी खोकी थांबत नाहीत, ती वरचे आकडे गाळून टाकतात. १०००१ मधला पुढचा १ गळला की टपाल १ नंबरच्या घरी जातं. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसली तर हेच झालं असं समजायचं, कारण ३ टीबीतून २.२ टीबी वजा केले की उरतात साधारण ८०१ अब्ज बाइट, आणि विंडोजच्या मापात ते ७४६ जीबी. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नवीन मशीनवर भरलेली ३ टीबीची डिस्क एका गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनला लावली, फक्त फायली वाचायच्या म्हणून. ऑपरेटिंग सिस्टिमने मात्र लावल्या लावल्या स्वतःच्या नोंदी लिहायला घेतल्या आणि त्या गेल्या डिस्कच्या सुरुवातीला, जिथे फायलींची अनुक्रमणिका असते. अर्धा डेटा नंतर साधनं वापरून काढता आला, उरलेल्या अर्ध्यासाठी गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली, आणि ती रास्त होती.

तेव्हापासून कुठल्याही जुन्या कार्डावर मोठी डिस्क चढवताना, ती रिकामी असतानाच, मी एक चाचणी करतो. डिस्कच्या अगदी शेवटच्या भागात ओळखू येईल असा मजकूर लिहायचा, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, तो मजकूर वाचायचा, आणि मग डिस्कच्या सुरुवातीला तोच मजकूर उमटला आहे का ते पाहायचं. लिनक्सवर डीडी या आज्ञेने पाच मिनिटांत होतं. क्षमतेचा आकडा बरोबर दिसतो एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. शेवटचं घर सापडलं, त्याचं टपाल पहिल्या घरी गेलं नाही, की झालं.

तुम्ही विचाराल, की मग चार डिस्कांचं मिळून ३ टीबीचं रेड ५ याच कार्डावर कसं चालतंय? रास्त शंका आहे, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. २ टीबीच्या रेघा तीन आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पहिली एकेका डिस्कची, ती कार्डाच्या चिपमध्ये. दुसरी अनेक डिस्क मिळून बनलेल्या आभासी डिस्कची, आणि तिथे पर्क ६/आय ला अडचण नाही, तो २ टीबीहून मोठी आभासी डिस्क बनवतो. तिसरी विभागांच्या नोंदीची. जुन्या एमबीआर पद्धतीच्या नोंदीत पुन्हा ३२ बिटच, म्हणून तिथे जीपीटी पद्धत हवी. (आजकाल जीपीटी म्हटलं की लोकांना वेगळंच काही आठवतं. इथे ती साधी विभागांची वही आहे.) तुम्हाला भेटली ती पहिली रेघ. कार्ड बदललं की तिसरी भेटेल.

तिसरीची तयारी आत्ताच सांगून ठेवतो. विंडोज जीपीटीवरून बूट होतं ते फक्त यूईएफआयमधून (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत), जुन्या बायोसमधून नाही. त्यामुळे मी जुन्या सर्व्हरवर सिस्टिम आणि डेटा कधीच एका मोठ्या तुकड्यात ठेवत नाही. पर्क मालिकेत एकाच डिस्कसंचावर दोन आभासी डिस्क कापता येतात. पहिली १०० ते २०० जीबीची, तीवर एमबीआर आणि सिस्टिम, बूट तिथून. उरलेली सगळी दुसरी, तीवर जीपीटी आणि डेटा. बायोसला फक्त पहिली दाखवायची. बूटच्या भानगडी आपोआप मिटतात.

आता तुमच्यापुढचे रस्ते. सर्वांत स्वस्त, की आहे त्या कार्डावर २ टीबीच्या डिस्क लावा. सहा खान्यांत रेड ५ केलं तर १० टीबी, रेड ६ केलं तर ८ टीबी. तुमची गरज वर्षाला अर्धा-एक टीबीने वाढत असेल तर हे अगदी शहाणपणाचं आहे, आणि २ टीबीच्या डिस्क अजून मिळतात. पण ८ टीबीच्या डिस्क तुम्ही घेऊन बसलाच आहात, म्हणजे मन त्या बाजूला झुकलंय.

दुसरा रस्ता कार्ड बदलण्याचा, आणि माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हाच. याच सर्व्हरसाठी पुढच्या पिढीची दोन कार्डं आली, पर्क एच२०० आणि पर्क एच७००. दोन्ही ६ गिगाबिटची, आणि मुख्य म्हणजे दोन्हींना २ टीबीपुढची घरं माहीत आहेत. वापरलेली कार्डं बाजारात मिळतात आणि दोन ८ टीबी डिस्कांच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे. पण दोन्ही सारखी नाहीत. एच२०० साधं कार्ड आहे. रेड ०, १ आणि १० करतं, रेड ५ करत नाही, कॅश (लिहायचा डेटा क्षणभर ठेवायची मेमरी) नाही. एच७०० वर कॅश आणि बॅटरी आहे, रेड ५ आणि ६ येतं. तुमचा आजचा डेटा रेड ५ वर आहे हे विसरू नका. एच७०० ला पर्क ६ वर बनवलेला डिस्कसंच ओळखता येतो. पहिल्यांदा चालू केलं की तो 'फॉरेन कॉन्फिगरेशन' म्हणून दिसतो आणि तो आयात करायचा असतो. तिथेच शेजारी 'क्लिअर' असाही पर्याय असतो. घाईत तो दाबून रात्री अकराला फोन करणारे लोक मला माहीत आहेत. एच२०० वर हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे तुमचं रेड ५ चालणारच नाही, आधी सगळा डेटा बाहेर काढावा लागेल.

एच२०० ची दुसरी एक गंमत आहे. त्यावरची चिप एलएसआयची सॅस२००८, आणि बरेच हौशी लोक त्यावर एलएसआयचा साधा, रेड नसलेला फर्मवेअर चढवतात. मग कार्ड मध्ये काहीच डोकं चालवत नाही, डिस्क जशीच्या तशी ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देतं. झेडएफएस ही फायलींची पद्धत किंवा लिनक्सचं स्वतःचं रेड वापरणाऱ्यांना तेच हवं असतं. मीही घरी तसंच केलंय. पण आर७१० मध्ये डिस्क कंट्रोलरसाठी राखीव असलेल्या खाचेत असं परकं फर्मवेअर चढवलेलं कार्ड बसवलं तर सर्व्हर सुरू होतानाच तक्रार करून थांबतो, मग ते दुसऱ्या पीसीआय खाचेत हलवावं लागतं आणि केबल पोचते का ते बघावं लागतं. छापखान्यात, जिथे उद्या सकाळी प्लेट काढायच्या आहेत, तिथे हा उद्योग करू नका. तुम्ही एच७०० घ्या.

केबलबद्दल कुणी सांगत नाही, आणि माणूस कार्ड हातात घेऊन बसतो. पर्क ६/आय च्या बाजूचं केबलचं टोक एसएफएफ-८४८४ जातीचं, रुंद आणि चपटं. एच२०० आणि एच७०० ला लागतं एसएफएफ-८०८७, ते लहान, धातूच्या कवचाचं. जुनी केबल नव्या कार्डात बसणार नाही. विकणाऱ्याला सर्व्हरचं मॉडेल, डिस्कचे खाने ३.५ इंची की २.५ इंची, आणि कार्डाचं नाव असं तिन्ही सांगून केबल कार्डासोबतच मागवा. हे आर७१० पुरतं झालं. कुणी साध्या मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांवरून ८०८७ च्या बॅकप्लेनला (खान्यांमागच्या, डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डाला) जोडत असेल तर त्याने आणखी एक लक्षात ठेवावं. कार्डाकडून चार डिस्कांकडे जाणारी आणि चार पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जाणारी केबल दिसायला हुबेहूब सारखी, पण आतली जोडणी उलट. चुकीची लावली तर काही जळत नाही, फक्त एकही डिस्क दिसत नाही, आणि माणूस दोन दिवस कार्डाला शिव्या घालतो.

एच७०० जुन्या साठ्यातलं मिळालं तर डिस्क लावण्याआधी त्याचा फर्मवेअर ताजा करा. २०१० मध्ये या पिढीच्या कार्डांवर डेलने स्वतःच्या शिक्क्याच्या डिस्क सोडून बाकीच्या अडवायला सुरुवात केली होती, गिऱ्हाइकं खवळली, आणि त्याच वर्षी ते बंधन काढलं. कार्ड त्या मधल्या काळातलं असलं तर तुमची डिस्क चांगली असूनही ते तिला हात लावणार नाही. फर्मवेअर अपडेटचा तुमचा विचार इथे मात्र लागू पडतो, फक्त कार्ड वेगळं.

आता दुसरा आजार, विजेचा. साटाच्या वीजजोडणीत पंधरा पट्ट्या असतात. पहिल्या तीन ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या, पण डिस्कवाल्यांनी ते ३.३ व्होल्ट क्वचितच वापरले. मग साटाच्या ३.३ क्रमांकाच्या आवृत्तीत तिसऱ्या पट्टीला नवं काम दिलं. तिच्यावर वीज आली की डिस्कने स्वतःला बंद ठेवायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. पण जुन्या पीसीचा पॉवर सप्लाय जुन्या नियमाने तिथे ३.३ व्होल्ट देतच राहतो. त्याच्या दृष्टीने तो डिस्कला जेवण वाढतोय, डिस्कच्या दृष्टीने कुणीतरी बंदचं बटण दाबून धरलंय. यूएसबी खोक्यात त्या पट्टीवर वीज नसते, म्हणून तिथे फिरते. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

उपाय दोन. तिसऱ्या पट्टीवर कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा लावा, ती पिवळसर, उष्णता सहन करणारी टेप इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पहिल्या तिन्ही झाकल्या तरी चालतं आणि ते सोपं जातं. साधी चिकटपट्टी नको, उष्णतेने तिचा गोंद पाघळून शेजारच्या पट्ट्यांवर जातो. किंवा जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारी वायर वापरा, मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. पण एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेली स्वस्त वायर घेऊ नका, त्या आतल्या आत शॉर्ट होऊन वितळतात. तारा एकेक दाबून बसवलेलं कनेक्टर घ्या. सर्व्हरमध्ये हा त्रास होईल की नाही हे त्याचा बॅकप्लेन त्या पट्टीवर वीज देतो का यावर आहे. खान्यात घालून बघा. फिरली तर तिथे टेपची गरज नाही.

त्या डिस्कवर घरचे फोटो वगैरे असतील तर थांबा. बऱ्याच यूएसबी खोक्यांत मधली चिप डिस्कचे ५१२ बाइटचे आठ सेक्टर मिळून ४०९६ चा एक असं वरच्याला भासवते, म्हणजे जुन्या एमबीआरमध्येही मोठी डिस्क मावते. अशी डिस्क बाहेर काढून थेट लावली की तीच नोंद आठपट चुकीच्या मापाने वाचली जाते आणि विंडोज विचारतं, फॉरमॅट करू का? डेटा गेलेला नसतो. नाही म्हणा, डिस्क परत खोक्यात घाला, फायली दुसरीकडे काढा.

सेक्टरच्या मापाचा विषय निघालाच आहे तर लेबलवर काय वाचायचं तेही सांगतो. आजच्या बहुतेक मोठ्या डिस्क आतून ४०९६ बाइटच्या, पण बाहेर ५१२ असल्याचं सांगणाऱ्या असतात. त्यांना ५१२ई म्हणतात, आणि जुन्या सर्व्हरला त्याच घ्यायच्या. ४केएन लिहिलं असेल तर ती बाहेरही ४०९६ च सांगते. जुनी रेड कार्डं तिला ओळखत नाहीत, विंडोज सर्व्हरमध्ये तर २०१२ च्या आधीच्या आवृत्त्याही नाही. तिसरी जात सेकंडहँड बाजारात भेटते, ५२० बाइटची. मोठ्या स्टोरेज कपाटांतून निघालेल्या सॅस डिस्क अशा असतात, स्वस्त मिळतात, लावल्यावर दिसतात पण वापरता येत नाहीत. त्या लिनक्सच्या एसजी-फॉरमॅट या साधनाने ५१२ वर आणता येतात, मात्र रेड नसलेल्या साध्या कार्डावर लावून, आणि एकेका डिस्कला कित्येक तास लागतात. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय काढू नका.

दोन्ही डिस्क एकाच संचात घालण्याआधी त्यांची मॉडेल नंबरवरून जात पडताळा. खोक्यांतल्या काही डिस्क एसएमआर असतात, म्हणजे लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात. रोजच्या वापरात कळतही नाही, पण रेडच्या रिबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारताना, तास न् तास सलग लिहायची वेळ आली की त्या गुडघे टेकतात आणि कंट्रोलर त्यांना मेल्या समजून बाहेर काढतो. नावावर जाऊ नका. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं, की नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या, इथे रेड म्हणजे लाल, २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. दुसरं म्हणजे साधी घरगुती डिस्क एखादा खराब सेक्टर वाचायला मिनिट-मिनिट झटत बसते. तेवढा वेळ रेड कार्ड थांबत नाही. नॅस किंवा सर्व्हरसाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात आणि पुढचं रेडवर सोपवतात, जे आपल्याला हवंय. घरगुती डिस्कांपैकी काहींना स्मार्टसीटीएल हे साधन वापरून ही सात सेकंदांची शिस्त लावता येते, काहींना नाही.

आणि या दोघींचं रेड १ करा, आरसा. रेड ५ मध्ये ८ टीबीच्या डिस्क घालण्याचा मोह होईल, टाळा. सेकंदाला सलग १५० एमबी मिळाले तरी ८ टीबी लिहायला सुमारे १५ तास जातात, आणि चालू सर्व्हरवर सलग मिळत नाहीत. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या जुन्या डिस्क कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत वाचल्या जातात, आणि दुसरी डिस्क दगा देते ती बहुतेक त्याच रात्री. आरशात निदान एकच डिस्क वाचावी लागते. सॅस आणि साटा एका संचात मिसळायचे नाहीत, हेही त्यातच. साटा डिस्क सॅसच्या खान्यात बसते आणि चालते. सॅस डिस्क साटाच्या केबलला बसतच नाही, कारण साटात डेटा आणि विजेच्या जोडण्यांमध्ये जी फट असते ती सॅसमध्ये भरलेली असते. कानस घेऊन ती फट मोकळी करणारा एक महाभाग मी पाहिलाय. डिस्क बसली, पण साटाच्या पोर्टाला सॅसची भाषा येत नाही, तेव्हा पुढे काही झालं नाही.

ट्रेचं पटकन. मोठ्या, विशेषतः हेलियमच्या डिस्कांमध्ये मधली स्क्रूची भोकं जागेवरून हललेली किंवा गायब असतात. तुमच्या ट्रेला पुढची-मागची भोकं पुरली तर ठीक. दोनच स्क्रूंवर डिस्क लोंबकळत ठेवू नका, थरथर वाढते.

कुणाकडे याहून जुना, अल्ट्रा३२० स्कझीचा (सॅसच्या आधीची जोडणी), ८० पिनांच्या डिस्कांचा सर्व्हर असेल तर हे सगळं त्याला लागू नाही. त्या जातीत डिस्क ३०० जीबीपर्यंतच आल्या. मधे पूल घालणारी अडॅप्टरं होती, पण टर्मिनेटर, आयडी आणि पुलाची स्वतःची मर्यादा यांत माणूस हरवतो. रिकामी पीसीआय-एक्स खाच असेल तर तीत साटा कार्ड घालणं बरं, नाहीतर डेटा नेटवर्कवरून उचलून नव्या मशीनवर न्या आणि जुन्याला फक्त त्याच्या मूळ कामापुरता ठेवा.

तिसरा रस्ता म्हणजे दोन खान्यांचा साधा नॅस डबा घेऊन या डिस्क त्यात घालणं आणि सर्व्हरला हात न लावणं. तुमच्या फायली फक्त उघडायच्या-ठेवायच्या असतील, त्यावर डेटाबेस चालत नसेल, तर मी यालाही नाही म्हणणार नाही. वीजही कमी खातो. मात्र एकच सर्व्हर, एकच जागा, एकच पासवर्ड अशी सवय छापखान्यात सगळ्यांना लागलेली असते. ती मोडायची की नाही ते तुम्ही ठरवा.

कार्डाचा रस्ता धरलात तर क्रम असा ठेवा. आधी रेड ५ वरचा सगळा डेटा नव्या ८ टीबी डिस्कवर घ्या, सर्व्हरमध्ये नाही, दुसऱ्या पीसीला लावून नेटवर्कवरून. त्यातल्या चार फायली उघडून बघा. मग सर्व्हर बंद करून कुठली डिस्क कुठल्या खान्यात होती ते ट्रेवर पेन्सिलने लिहा. कार्ड आणि केबल बदला. जुन्या चारच डिस्क घालून आयात करा आणि दोन दिवस तसंच चालू द्या. सगळं नीट दिसलं, की खोक्यातली डिस्क एकटी घालून शेवटच्या घराची चाचणी आणि डिस्कची स्वतःची सविस्तर तपासणी (लाँग टेस्ट) लावा. तिला ८ टीबीसाठी अर्ध्या दिवसाहून जास्त लागेल. ती पास झाली तर तिच्याच एकटीवर तात्पुरतं रेड ० करून डेटाची दुसरी प्रत ठेवू नका, असं करणाऱ्याला पुढे तिचा आरसा करणं विसरायची खोड असते. दुसरी प्रत एखाद्या उसन्या डिस्कवर घ्या, मग दोघी मिळून रेड १ बनवा.

एच७०० ची बॅटरीही बघून घ्या. वापरलेल्या कार्डांत ती बहुधा मेलेली असते, मग कार्ड कॅशमध्ये न लिहिता थेट डिस्कवर लिहितं, सगळं रांगतं, आणि दोष नव्या डिस्कांवर येतो. तुमच्या पर्क ६/आय ची बॅटरीही इतक्या वर्षांत गेलेली असायची शक्यता मोठी. 'आजकाल सर्व्हर फार हळू झालाय' असं छापखान्यात कुणी म्हणत असेल तर आधी तिथे पाहा.

दोन्ही डिस्कांचे पूर्ण मॉडेल नंबर आणि सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते कळवा. एसएमआर आहे का आणि बूटची कापाकापी लागेल का, ते त्यावरून नेमकं सांगता येईल. कार्डाची ऑर्डर देण्याआधी सर्व्हरचं झाकण उघडून जुन्या केबलच्या दोन्ही टोकांचा फोटोही काढून ठेवा, दुकानदाराला तोच दाखवा.